मागून काहीतरी वाजतंय

रस्ता गुळगुळीत असला की काही नाही. रस्ता अगदीच भयंकर असला तरी काही नाही, म्हणजे वाजत असेलही पण त्या गदारोळात कोणाला ऐकू येणार. पण मधला रस्ता, बारीक खडबडीत, गाडी हळू, एसी बंद, गाणी बंद, की मागून टक, टकटक, टक. डावीकडून. नाही, मधून. शेजारी बसलेली बायको ठामपणे म्हणते उजवीकडून, आणि मागे बसलेल्या भाच्याला काही ऐकूच येत नाही कारण त्याच्या कानात इअरफोन.

आवाज नक्की कुठून येतो ते कळत नाही यात आपल्या कानाचा फारसा दोष नाही. दिशा कळते ती दोन्ही कानांवर आवाज पोचण्यातल्या फरकावरून, आणि वेळेचा हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. आता गाडीची बॉडी म्हणजे एकसंध जोडलेला पत्रा. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादात ५००० मीटरच्या वर. म्हणजे मागच्या चाकापाशी खट्ट झालं की ते पत्र्यातून पसरतं, मग सीटच्या मागचा पत्रा थरथरतो, डिकी पोकळ असल्यामुळे तिथे घुमतं, काचांवर आपटतं, आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर आवाज सगळीकडूनच येत असतो. म्हणून 'कुठून येतो' यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही असं माझं मत झालंय. कधी येतो आणि कधी येत नाही, ते बघायचं.

मेकॅनिकचं मत वेगळं होतं. त्याने गाडीखाली न वाकताच सांगितलं, "शॉकअप गेलेत साहेब, जोडी बदलून टाकू." शॉकअप म्हणजे चाकापाशी बसवलेला, गाडीचं झुलणं थांबवणारा दांडा. बरं, मागचा कोपरा दाबून सोडला तर गाडी एकदा वर येऊन गप्प बसत होती, झुलत नव्हती, शॉकअपवर तेलाचा ओघळ नाही. गेले म्हणजे कसे गेले? पण मागून आवाज आला की शॉकअप, हे उत्तर ठरलेलं असतं, आणि बदलूनही आवाज राहिला की मग "आता स्प्रिंग बघू", तेही झालं की "गाडी जुनी झाली साहेब". याला निदान म्हणायचं नाही, हे आपल्या खर्चाने चाललेलं स्पेअर पार्टचं प्रदर्शन आहे.

पहिल्यांदा डिकी रिकामी केली. पूर्ण. स्टेपनी, जॅक, पाना, मागची ट्रे, सगळं घरात. कारण सस्पेन्शनच्या (म्हणजे चाकं आणि बॉडीमधल्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडणीच्या) नावावर खपणारे कितीतरी आवाज सस्पेन्शनचे नसतातच. स्टेपनीचा स्क्रू सैल असतो, मागच्या सीटची पाठ जिथे लॉक होते तिथे लोखंडावर लोखंड वाजतं, कोणी न लावलेल्या सीटबेल्टचं बक्कल प्लॅस्टिकवर आपटतं, डिकीच्या झाकणाचे रबरी बटण झिजलेले असतात, सायलेन्सरचं रबर तुटून पाइप डुलत असतो. ब्रेकवर हलका पाय ठेवल्यावर आवाज थांबला तर ब्रेकच्या आत काहीतरी खिळखिळं आहे. माझा थांबला नाही. रिकाम्या गाडीत तर तो जास्तच स्वच्छ ऐकू यायला लागला, आता घुमायला पोकळ जागा मिळाली ना.

मग स्पीड ब्रेकर. सरळ गेलं, दोन्ही मागची चाकं एकदम चढली उतरली, दोनदा टक. तिरकं गेलं, आधी उजवं चाक, काही नाही, मग डावं, टक! म्हणजे डावी बाजू पक्की. (बायकोला सांगितलं नाही. लगेच.)

गाडी लिफ्टवर चढवली तर सगळं घट्ट. पाना मारून हलवलं, लोखंडी कांबीने रेटलं, काही हलेना. आणि इथेच गोची असते, लिफ्टवर चाकं लोंबकळतात, शॉकअप पूर्ण ताणलेला, त्यामुळे झिजलेला सांधासुद्धा एका बाजूला ओढला जाऊन घट्ट वाटतो. गाडी आपल्या वजनावर उभी असायला हवी. म्हणून खड्ड्यावर घेतली, खालून काम करायचा असतो तो खड्डा, वर भाचा डिकीच्या कडेवर बसून उड्या मारतोय (इअरफोन काढायला लावले होते) आणि मी खाली एकेका जोडावर बोटं ठेवून बसलोय. दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या बीमचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, गप्प. स्प्रिंगची खालची बैठक, गप्प, शेवटचा वेढाही शाबूत. डाव्या शॉकअपच्या खालच्या बोल्टवर बोटं ठेवली आणि प्रत्येक उडीला बोटांना बारीक ठोका. कानाला जे इतके दिवस सापडत नव्हतं ते बोटांना लगेच कळलं.

हा बोल्ट शॉकअपच्या टोकाच्या ज्या गोल कडीतून जातो, त्या डोळ्यातला बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांच्या मध्ये चिकटवलेलं रबर. ते घसरत नाही, पिळ खातं, त्यामुळे त्याला ग्रीस लावून काही होत नाही. आणि म्हणूनच हा बोल्ट शेवटचा घट्ट करायचा तो गाडी जमिनीवर असताना, बऱ्याच सर्विस मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलंच असतं. लोंबकळत्या चाकावर आवळला तर गाडी खाली उतरताक्षणीच रबराला पीळ बसतो आणि तो कायमचा राहतो, वर प्रत्येक खड्ड्याचा पीळ वेगळा. बिचारं फाटणारच. माझ्या बोल्टच्या डोक्यावर पान्याच्या जुन्या खुणा होत्या, म्हणजे आधी कोणीतरी तो उघडून परत लावलेला.

आता गंमत अशी की माझ्या गाडीला तो बुश सुटा मिळतच नाही. शॉकअपसकट घ्यावा लागतो, आणि शॉकअप जोडीनेच बदललेले बरे. मेकॅनिक हसला. "मी काय म्हणलो होतो साहेब?" मी म्हटलं हो बाबा, पण बोल्ट गाडी खाली उतरवून आवळायचा. त्याला गाडी उभी असताना खाली आडवं होऊन पाना फिरवायचा जाम कंटाळा, कुरकुरत गेला, आवळला आणि बाहेर येऊन कपडे झटकत म्हणाला, "एवढ्यासाठी कोणी झोपत नाही हो."