ठिबकवर चाललेला फिश टँक: पाणीबदलाच्या नोंदी

सध्याची स्थिती आधी सांगतो, म्हणजे ज्यांना फक्त निकाल हवाय ते मोकळे. चार फुटी टँक आणि पिल्लांचा दोन फुटी टँक, दोन्हींचं पाणी रोज पहाटे आपोआप बदलतंय. ड्राय बाल्कनीत शंभर लिटरचं निळं पिंप, त्याला आरओचा बूस्टर पंप, पुढे शेतात वापरतात ते ड्रिपर, आणि टँकच्या मागच्या काचेतून निघालेला ओव्हरफ्लो पुन्हा ड्राय बाल्कनीत. ॲप नाही, वायफाय नाही. पिंप भरायचं काम मात्र मुद्दाम हातानंच ठेवलंय. त्यावर बऱ्याच जणांनी नाक मुरडलं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

परदेशी व्हिडिओंमध्ये नळाच्या लाइनला कार्बन फिल्टर लावतात, पुढे एक ड्रिपर, आणि चोवीस तास थेंब थेंब पाणी टँकमध्ये. दिसायला फार देखणं. पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: नळाला सतत दाब आहे आणि पाणी रोज एकाच जातीचं आहे. पुण्यात यातलं एकही खात्रीनं सांगता येत नाही. खडकवासल्याचं पाणी मऊ. आमच्या नळाला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, एरवी ११० ते १३० पीपीएम (मिलिग्रॅम प्रति लिटर) दाखवतो. गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबानं, ही बातमी आपण सगळेच वाचत आलोय. त्या दिवसांत सोसायटी टँकर मागवते, तो बोअरचं पाणी आणतो आणि खालच्या टाकीत दोन्ही एकत्र होतात. मग तोच मीटर ६०० च्या पुढे जातो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. म्हणजे माणसाला चालणारं पाणी अँजल माशांच्या पिल्लांना चालेलच असं नाही. माशांच्या घाणीतून टँकमध्ये साचणाऱ्या नायट्रेटचंही तसंच. मानकाची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. बोअरच्या पाण्यातच ४० असेल तर कितीही पाणी बदला, टँकचं नायट्रेट ४० च्या खाली येणार नाही.

म्हणून नळ आणि टँक यांच्यामध्ये पिंप. रोजचा खर्च २५ लिटर, पिंप १०० लिटरचं, म्हणजे चार दिवसांची बेगमी. मंगळवारी-बुधवारी भरलं की शनिवारपर्यंत नळाकडे बघायची गरज नाही. भरण्याआधी मीटर बुडवायचा, आकडा १५० च्या आत असेल तर कॉक उघडायचा. वर बॉल कॉक आहे, त्यामुळे पिंप ओसंडत नाही. हे काम सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि टीडीएस कंट्रोलर लावून आपोआप करता येतं, पण तेवढ्यासाठी अजून चार जोड, अजून एक अडॅप्टर आणि बिघडायला अजून एक जागा. मला ते पटत नाही. टँकच्या टोकाला यंत्र आणि नळाच्या टोकाला माणूस, ही वाटणी आपल्या पाण्याला बरी.

क्लोरीनचा बंदोबस्तही पिंपातच. आधी गाळाची कँडल आणि कार्बन ब्लॉक, आणि वर हायपो, म्हणजे क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट. १०० ग्रॅम हायपो एक लिटर पाण्यात विरघळवून गडद बाटलीत ठेवलंय. १ मिलिग्रॅम क्लोरीनला वाईटात वाईट धरून ७ मिलिग्रॅम हायपो लागतं, म्हणजे १ पीपीएम क्लोरीन असलेल्या १०० लिटरला ७ मिलि द्रावण. मी १५ टाकतो, कारण बंदनंतरच्या पाण्याला कधी कधी नाक झोंबेल असा वास असतो. थोडं जास्त पडलं तर बिघडत नाही, कमी पडलं तर कल्ले जळतात. शंका असेल तेव्हा क्लोरीन दाखवणारी ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट, ग्रामपंचायतीत पाणी तपासायला वापरतात तीच. पिवळी झाक आली तर पंप सुरू करायचा नाही. तुमच्या भागात क्लोरामीन वापरत असतील तर मात्र नुसतं हायपो पुरत नाही. त्यातलं क्लोरीन जातं आणि अमोनिया मागे राहतो.

आता ड्रिपर का? दोन टँक, दोन्ही वेगवेगळ्या उंचीवर. साध्या पंपाला टी जोडून दोन फांद्या काढल्या तर पाणी सोपी वाट धरतं, खालचा टँक भरभर आणि वरचा कोरडा. कॉक पिळून तोल साधता येतो, पण पाइपमध्ये जरा शेवाळ धरलं की तो सुटतो. शेतकऱ्यांपुढे हाच प्रश्न चढउताराच्या जमिनीवर असतो आणि त्यांचं उत्तर कृषी सेवा केंद्रात काही रुपयांत मिळतं: प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर. आत एक रबरी पडदा असतो. दाब वाढला की तो वाट अरुंद करतो, त्यामुळे दाब साधारण १ ते ४ बार यांच्यामध्ये कितीही असो, पाणी तेवढंच पडतं. चार फुटीवर ताशी ८ लिटरचे दोन, दोन फुटीवर ताशी ४ लिटरचा एक. काळ्या १६ मिमी लॅटरलचा, म्हणजे ठिबकच्या पाइपचा, तुकडा टँकच्या हूडखाली (झाकणाखाली) बांधला, पंचरनं भोकं पाडली, ड्रिपर दाबून बसवले, टोकाला एंड कॅप. पाइप काळाच घ्या, पारदर्शक नळीत उजेडानं शेवाळ होतं आणि ड्रिपर तुंबतात.

एक अट आहे. हे ड्रिपर दाबाशिवाय काम करत नाहीत. दहा मीटर उंचीला साधारण १ बार हा हिशोब. गच्चीवरच्या टाकीच्या चार मजले खाली राहणाऱ्याला सव्वा बारच्या आसपास मिळतो, सर्वात वरच्या मजल्यावर पाव-अर्धा बारही मुश्किल. आणि पिंपातल्या साध्या सबमर्सिबल पंपाचा दाब तर दीड-दोन मीटरचा. म्हणून आरओचा बूस्टर पंप, २४ व्होल्टचा, डायफ्रामवाला. आरओ दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मिळतो. अडॅप्टर आणि फ्लोट स्विचसाठी तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, चक्कर मारली, बाकी सगळं घराजवळ मिळालं. पाण्याजवळ २३० व्होल्ट नको, हा २४ व्होल्टचा मोठा फायदा. तरी प्लगच्या पॉइंटला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असू द्याच.

हा पंप उलट जास्तच दाब देतो. तिन्ही ड्रिपर मिळून ताशी २० लिटर, म्हणजे मिनिटाला एक तृतीयांश लिटर घेतात. पंपाची ताकद त्याहून बरीच जास्त, आणि उरलेला दाब पुशफिट जोडांवर येतो. म्हणून पंपानंतर एक टी काढून बारीक कॉक लावला आणि ती फांदी परत पिंपात सोडली. जादा पाणी तिथून फिरतं, दाब आटोक्यात राहतो आणि पिंप ढवळलं जातं, एअर स्टोनची गरज उरत नाही. कॉक कितपत उघडायचा ते मापानं ठरवा: ८ लिटरच्या ड्रिपरखाली पंधरा मिनिटं मापाचा मग धरला तर दोन लिटर भरले पाहिजेत. कमी भरले तर कॉक थोडा आवळा.

पहाटे ४ ते सव्वापाच टायमर चालू. सव्वा तासात चार फुटीला २० लिटर, दोन फुटीला ५. टायमर बॅटरीवाला डिजिटलच. चकतीवाला मेकॅनिकल स्वस्त असतो, पण जितका वेळ वीज नसेल तितका तो मागे पडतो, आणि काही दिवसांनी पहाटेचा पाणीबदल भर दुपारी होतो. एप्रिलमध्ये भरलेलं पिंप बाल्कनीत दिवसभर तापतं, म्हणून पहाटेची वेळ सांभाळायची.

काचेला भोक पाडणं हा सगळ्यांच्या पोटात गोळा आणणारा भाग. आधी काच टेम्पर्ड आहे का ते बघा. टेम्पर्ड असेल तर ड्रिल लावताच चुरा. पोलराइज्ड गॉगल घाला, काचेमागे लॅपटॉपचा पांढरा पडदा धरा. टेम्पर्ड काचेत काळसर डाग किंवा पट्टे दिसतात, साधी एकसारखी दिसते. माझ्या टँकची मागची काच साधी, १० मिमी. चालू टँकमध्येच केलं: पाणी वीतभर खाली उतरवलं, कॅनिस्टर फिल्टर बंद, मासे राहू दिले. भोकात बसणारा टँक निपल (ओव्हरफ्लोचा पाइप जोडायचा तुकडा) आधी आणा, त्याचे आटे मोजा, मग त्या मापाचा डायमंड बिट घ्या, उलटं करू नका. भोक कडेपासून किमान आपल्या व्यासाइतकं आत असावं. उभ्या काचेवर पाणी थांबत नाही, म्हणून भोकाच्या जागेखाली शाडूचा कठडा केला आणि घरच्यांच्या हाती स्प्रेची बाटली दिली. आतून रुंद टेप, ड्रिल हळू, सुरुवात तिरकी, दाब जवळजवळ नाही. शेवटच्या मिलिमीटरला हात आणखी हलका, कारण आतल्या बाजूला खपली उडते ती तिथेच. दोन फुटी टँक नवा होता, तो आडवा ठेवून केला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

निचरा नेहमी येणाऱ्या पाण्याच्या अनेक पट असावा आणि त्यात पंप नसावा, नुसता उतार. दोन पेरिस्टाल्टिक (नळी दाबत पाणी ढकलणारे) पंप, एक आत एक बाहेर, अशीही पद्धत आहे. खाऱ्या टँकवाले ती वापरतात कारण त्यांना मिठाचं प्रमाण राखायचं असतं. पण या पंपांच्या नळ्या झिजतात, दोघांचा वेग हळूहळू वेगळा होतो. गोड्या पाण्यात ओव्हरफ्लो असताना तो ताप कशाला?

वाईटात वाईट काय होईल? टायमर चालूच राहिला तर पिंपात आहे तेवढंच पाणी जाईल. १०० पैकी ८० लिटर चार फुटीत गेले तरी, टँकमधलं खरं पाणी २०० लिटर धरलं तर, येणारं पाणी जुन्यात मिसळत बाहेर पडतं आणि प्रत्यक्ष बदल साधारण ३३ टक्केच होतो. क्लोरीन काढलेलं पाणी, मासे मजेत. खरी भीती ओव्हरफ्लो तुंबण्याची. एक गोगलगाय किंवा मूठभर साल्व्हिनिया (तरंगती वनस्पती) पुरे. म्हणून निपलला जाळीचं टोपण, आणि पाणी ओव्हरफ्लोच्या वर दोन सेंटिमीटर गेलं की पंप तोडणारा फ्लोट स्विच. पिंपाच्या तळाला दुसरा, म्हणजे पंप कोरडा फिरत नाही. सगळे स्विच २४ व्होल्टच्या वायरवर एकापुढे एक, कुठलाही एक उघडला की पंप बंद.

फायदा किती? समजा रोज ३ पीपीएम नायट्रेट तयार होतं आणि नळात शून्य आहे. आठवड्याला ५० टक्के बदललं तर आकडा ४२ आणि २१ यांच्यामध्ये झुलत राहतो. रोज १० टक्के बदललं तर ३० आणि २७ यांच्यामध्ये थांबतो. सरासरीत फार फरक नाही, झोका मात्र जवळजवळ गेला. आमच्याकडचं मिस केरळ, म्हणजे २०१३ मध्ये ज्याची जात सह्याद्रिया या नव्या प्रजातीत (जीनसमध्ये) गेली तो डेनिसोनी मासा, आठवडी पाणीबदलानंतर दिवसभर कोपऱ्यात जाऊन बसायचं. आता पहाटे ड्रिपरच्या खाली गर्दी असते. तापमानाचंही तसंच. डिसेंबरच्या पहाटे पिंपातलं पाणी १८ अंशांवर येतं, टँक २६ वर. दहा टक्क्यांनी पाऊण अंश उतरतो, तोही सव्वा तासात. अर्धा टँक बदलला असता तर चार अंश.

टँकमधल्या झाडांना खत टाकणाऱ्यांनी गणित पुन्हा मांडावं. रोज १० टक्के पाणी जातं तेव्हा आठवड्याचा एकदम डोस निम्मा वाहून जातो. रोज थोडा द्या, पाणीबदल संपल्यावर. झाडांनी काहीच खाल्लं नाही असं धरलं तरी पातळी रोजच्या डोसच्या दहा पटींवर स्थिरावते. उन्हाळ्यात आणखी एक: दिवसाला दीड-दोन लिटर वाफ होऊन जातात, त्यामुळे पहाटेचे पहिले लिटर ती तूट भरण्यात खर्च होतात आणि ओव्हरफ्लो उशिरा सुरू होतो. वीस लिटर आत म्हणजे वीस बाहेर असं नाही. मे महिन्यात टँकचा टीडीएस पिंपापेक्षा ४० ते ५० नं वर राहतो त्यात याचाही हात असतो. वाफ जाते, क्षार मागे राहतात.

पाणी वाचतं म्हणून कुणी ही सिस्टिम बसवणार असेल तर थांबा. चार फुटीला आधी आठवड्याला १०० लिटर लागायचं, आता १४०. आमच्यासारख्या टँकर येणाऱ्या सोसायटीत हे मनाला खटकतं, म्हणून ओव्हरफ्लोचा पाइप थेट नहाणी ट्रॅपमध्ये न सोडता बादलीत सोडलाय. बादली भरली की मग ट्रॅपमध्ये. वीस लिटरमध्ये तुळस, कढीपत्ता आणि मनी प्लांट भागतात, उरलेलं फ्लशला.

देखभाल फार नाही. महिन्याला एंड कॅप काढून लॅटरल धुवायचा, मगानं ड्रिपर मोजायचे, ओव्हरफ्लोच्या टोपणातला शेवाळाचा बोळा काढायचा. गाळाची कँडल पावसाळ्यात लवकर बदलावी लागते, जुलै-ऑगस्टमध्ये ती आठवड्यांतच चहाच्या रंगाची होते. कार्बन ब्लॉक रंगानं कळत नाही, त्याला ओटी टेस्टच.

पुढचं काम तिसऱ्या टँकचं, दीड फुटी चेरी श्रिंपचा. तिथे ताशी ४ लिटरचा ड्रिपरही जास्त आहे. २ लिटरचा लावून ओव्हरफ्लोला बारीक फोम बसवायचा विचार आहे, कारण श्रिंपची पिल्लं जाळीतून सहज निसटतात. काच ६ मिमी आहे आणि निपल नेमका रुंद कॉलरचा मिळालाय. वॉशर आतल्या बाजूला बसतो का ते बघून मग बिट लावतो.