तोंडी परीक्षा, मॅकोम्ब्स-शॉ आणि टँकर

आज दिवसभर एम.ए. पत्रकारितेच्या प्रबंधांच्या तोंडी परीक्षा. जो प्रबंध उघडावा त्यात मॅकोम्ब्स आणि शॉ हे अमेरिकी माध्यम-संशोधक हजर! १९६८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत या दोघांनी चॅपेल हिलमधल्या, मत कुणाला द्यायचं हे न ठरलेल्या १०० मतदारांना विचारलं, महत्त्वाचे प्रश्न कोणते? ती उत्तरं माध्यमांत कशावर भर होता त्याच्याशी ताडून पाहिली. १९७२ला निबंध छापून आला आणि ‘अजेंडा सेटिंग’ (माध्यमं ज्यावर भर देतात तेच लोकांना महत्त्वाचं वाटू लागतं, हा सिद्धान्त) सगळ्या अभ्यासक्रमांत जाऊन बसलं. पोरं हे घडाघडा म्हणतात. पुढे काय, विचारलं की पंख्याकडे बघतात.

एक मुलगी मात्र वेगळी निघाली. जिल्हा आवृत्तीतल्या पाणीटंचाईच्या बातम्यांचं आशय-विश्लेषण, म्हणजे बातम्या विषयवार गटांत टाकून (‘कोड’ करून) मोजणं. त्याच बातम्या मैत्रिणीकडूनही स्वतंत्रपणे कोड करून घेतलेल्या. दोघींचं जुळेना. टँकर उशिरा आला, ही बातमी ‘प्रशासन’मध्ये टाकायची की ‘ग्रामीण जीवन’मध्ये? मग व्याख्या नव्याने लिहिल्या, पुन्हा मोजणी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “मैत्रीण कशाला?” ती म्हणाली, “सर, नाहीतर माझंच मत मोजलं गेलं असतं.”

हीच मुलगी आमच्या लॅब जर्नलची, म्हणजे विद्यार्थीच काढतात त्या सरावाच्या अंकाची, संपादक. टँकरबरोबर दोन गावं फिरून तिने लिहिलेली बातमी, खरं सांगू का, प्रबंधाहून सरस आहे. त्या बातमीला गुण शून्य, कारण तो रकानाच गुणपत्रिकेत नाही. (का नाही, हे मी बैठकीत विचारून थकलेय.)

अंक पुढच्या आठवड्यात येतोय. पीडीएफ हवी असेल त्यांनी कॉमेंटमध्ये सांगा.