अस्तनीतला तलाव

गणपती उठून पंधरा दिवस झाले तरी आमच्या खुर्चीवर अजून ती निळी ओढणी पडलीये, दिसली की हसू येतं, म्हणून आज लिहूनच टाकते.

झालं असं की यंदा कॉलनीच्या गणेशोत्सवातलं मुलांचं नाटक माझ्या गळ्यात पडलं. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो, मराठी घरं पुष्कळ, पण पोरं आपसात भांडतात ती हिंदीत, त्यामुळे दहा दिवसांत एक तरी नाटक त्यांच्याकडून मराठीत करून घ्यायचं असा आम्हा काकू मंडळींचा हट्ट. शिवाजी महाराज झाले, अहिल्याबाई तर तीनदा झाल्या, म्हटलं आता परीकथा करू. आणि मला नीट येते ती एकच, बेडूकराणीची, आजोबांनी मुंबईहून आणलेल्या रशियन पुस्तकातली. आठवतात का कुणाला ती पुस्तकं? तिकडेच मराठीत छापून यायची, गुळगुळीत पानं, झकास चित्रं आणि किंमत अगदीच फुटकळ. १९९१ला तो सोव्हिएत देश गेला, पुस्तकं यायची थांबली, माझ्याकडची प्रत वाळवीनं खाल्ली, पण गोष्ट पाठ आहे.

गोष्ट थोडक्यात. राजा तीन मुलांना म्हणतो बाण मारा, जिथे पडेल तिथली बायको. धाकट्या इव्हानचा बाण दलदलीत, बेडकीच्या तोंडात. ही बेडकी म्हणजे वासिलीसा, जादू येणारी, आणि तिला बेडूक केलंय तिच्या बापानंच, का, तर पोरगी त्याच्यापेक्षा हुशार निघाली. अफानास्येव नावाच्या गृहस्थानं १८५५ ते १८६३ दरम्यान शेकड्यानं रशियन लोककथा छापल्या, त्यात ही गोष्ट दोन-तीन रूपांत आहे, आणि त्यात हे कारण इतकं सरळ दिलंय की मी मोठेपणी वाचलं तेव्हा पान उलटवायचीच थांबले. हुशार निघाली म्हणून तीन वर्षं बेडूक. बस.

मग राजा सुनांची परीक्षा घेतो, उद्या सकाळी पाव भाजून आणा म्हणतो. थोरल्या दोघी हिच्यावर पाळत ठेवायला एका म्हातारीला पाठवतात. बेडकीच्या ते लक्षात येतं. ती काय करते, पीठ मळते, भट्टीला वरून भोक पाडते आणि सगळा गोळा त्यात ओतून देते. म्हातारी धावत जाऊन सांगते, त्या दोघी तस्संच करतात आणि चिखल करून बसतात. आणि ही रात्री सगळे झोपल्यावर निवांत खरा पाव करवून घेते. मला विचाराल तर अख्ख्या गोष्टीत हीच खरी करामत, कारण इथे मंत्रबिंत्र काही नाही, नुसतं डोकं.

पण पोरांना आवडली ती मेजवानी. वासिलीसा त्या रात्री माणसाच्या रूपात येते, पिता पिता उरलेली दारू डाव्या अस्तनीत ओतते, हंसाची हाडं उजव्या अस्तनीत टाकते. जावा बघतात, त्याही टाकतात. मग ती नाचायला उठते, डावा हात हलवला की तलाव, उजवा हलवला की तलावात पांढरे हंस. आणि जावांनी हात हलवले तर पाहुण्यांच्या अंगावर दारू आणि एक हाड थेट सासऱ्याच्या डोळ्यात! आपल्याकडे अस्तनीतला निखारा म्हणतात तो घरभेद्याला, हिच्या अस्तनीत तलाव. गणपतीपुढे दारू-हाडं चालणार नव्हती, म्हणून आम्ही ताक आणि जाडी शेव घेतली. इंदुरात कमी पडणार नाही अशी तेवढीच एक गोष्ट.

तर कामांचं वाटप सुरू झालं आणि वरच्या मजल्यावरची छकुली, वय आठ, हात वर करून म्हणाली, "काकू, मला चेटकीण करा." म्हटलं बाबा यागाचं, म्हणजे गोष्टीतल्या चेटकीण म्हातारीचं, काम छोटं आहे गं, एकच प्रवेश. ती कोंबडीच्या पायांवरच्या झोपडीत राहते, उखळात बसून उडते, मुसळानं वल्हवते आणि मागचा माग खराट्यानं झाडत जाते. "नाही, ती नाही, वासिलीसा." मी म्हटलं ती चेटकीण नाही, ती शहाणी, नावच तसं आहे तिचं, शहाणी वासिलीसा. तर म्हणते, "जादू तर दोघी पण करून राहिल्यात ना? मग ती म्हातारी आहे म्हणून चेटकीण आणि ही सुंदर आहे म्हणून शहाणी का?"

मला खरंच उत्तर सुचेना. वर ती म्हातारी काही वाईटही करत नाही या गोष्टीत, उलट वासिलीसा पुढे ज्याच्या तावडीत सापडते त्या दुष्ट कोश्चेईचा जीव कुठे आहे ते इव्हानला तीच सांगते.

तालमीला एक आजी येऊन बसायच्या, त्यांची सगळी नोकरी झाबुआकडे, आदिवासी भागात झालेली. त्या म्हणाल्या चेटकीण शब्दाची मजा तुम्हाला शहरात, तिकडे एखाद्या एकट्या बाईला डाकन म्हटलं की तिचं घर, शेत, जीव काहीच तिचं राहत नाही, आणि नीट चौकशी केली तर पुष्कळदा जमिनीचंच काहीतरी निघतं. छत्तीसगडनं २००५ला, राजस्थाननं २०१५ला यासाठी वेगळे कायदे केले ते उगाच नाही. त्या रात्री मी संहितेतून चेटकीण शब्द काढून टाकला, सकाळी परत घातला. छकुलीला तोच हवा होता, आणि तिच्या तोंडी तो बिरुदासारखा यायचा.

बाकी तयारी म्हणजे बेडकीचं कातडं म्हणून माझा जुना हिरवा रेनकोट. इव्हान ते कातडं जाळतो ना, तीनच दिवस थांबला असता तर शाप संपत होता, पण नाही, धीर म्हणून नाही. मग ती हंसीण होऊन उडून जाते आणि पुढची अर्धी गोष्ट तिला शोधण्यात जाते. कोश्चेईचा जीव सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत, पेटी ओकच्या झाडावर. छकुलीचं म्हणणं, इतकी जादू येते तर तिनंच सुई मोडावी, इव्हान कशाला हवा? मला मनापासून पटलं. पण इव्हानचं काम करणाऱ्या मुलाच्या आईनं त्याला शेरवानी शिवून घेतली होती, पोरानं तीन पानं पाठ केली होती, आणि मला पुढेही याच कॉलनीत राहायचंय. सुई इव्हाननंच मोडली.

प्रयोगाच्या दिवशी मेजवानीचा प्रवेश. छकुलीच्या डाव्या अस्तनीत निळी ओढणी घडी करून ठेवलेली, हात झटकला की सुर्रकन बाहेर यायला हवी. तिनं ऐटीत हात झटकला. काही नाही. परत झटकला. ओढणी आत सेफ्टी पिनला अडकलेली, आणि ती पिन मीच लावलेली, घसरू नये म्हणून! मी विंगेत कपाळाला हात लावून उभी. समोर दोनशे माणसं, टेपवर नाचाचं संगीत चालू. छकुली थांबली, प्रेक्षकांकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "थांबा हं, आज पाण्याचा दिवस नाहीये."

मंडप नुसता फुटला. इंदूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, आमचं पाणी म्हणजे नर्मदा, जलूदहून घाट चढवून पाइपानं आणलेली, आणि नळाला ती येते एक दिवसाआड. पुढच्या रांगेतले एक काका तर ओरडले, "टँकर मागव बेटा!" या सगळ्या गोंधळात तिनं दातानं पिन सोडवली आणि तलाव असा काही पसरला की त्याचं टोक तबलेवाल्याच्या डोक्यावर. मागून जावांनी शेव उधळली, ती राजाच्या डोळ्यात नाही पण मुकुटात बरीच गेली, आणि राजानं पुढचा सगळा प्रवेश ती एकेक काढून खात केला.

काल ओढणी परत द्यायला वर गेले तर छकुली म्हणाली राहू द्या तुमच्याकडेच, पुढच्या वर्षी मला बाबा यागा करायचीये, पूर्ण नाटक तिचंच लिहा, आणि उखळाचं बघा. माळ्यावर आईचं दगडी उखळ आहे पण त्यात पोरीचा एक पाय पण मावायचा नाही. धुणं भिजवायचा मोठा टब मोजून ठेवलाय, खाली चाकं लावून मिळतील का ते विचारायचंय.