वाणासाठी चाळीस चकत्या

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या गोव्यातल्या फोंड्यात एकेका संध्याकाळी तीन-चार घरची हळदी-कुंकवाची बोलावणी असतात, आणि घरी परतेपर्यंत पिशवीत प्लॅस्टिकच्या डब्या, गाळण्या आणि आरसे यांचा ढीग झालेला असतो. गेल्या वर्षी आपल्या घरचे वाण हाताने, क्रोशाच्या एकाच आकडीदार सुईने विणलेले असावे, असे मी ठरवले. बोलावणी चाळीस जणींना जाणार होती. दिवाळी झाली होती, त्यामुळे दोन महिने पुरेसे आहेत असे मला वाटले.

‘अर्ध्या तासात तयार’ असे ज्या नमुन्याखाली लिहिलेले असते, तो नमुना एका नगापुरता खरा असतो. चाळीस नगांसाठी त्याच अर्ध्या तासाचे वीस तास होतात. तेही केवळ विणण्याचे. धाग्याची टोके लपवण्याचा वेळ त्यात कोणीच धरत नाही. मी प्रथम तीन रंगांचे फूल निवडले होते. प्रत्येक रंगाच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशी धाग्याची सहा टोके एका फुलात राहतात, म्हणजे चाळीस फुलांत दोनशे चाळीस टोके सुईत ओवून टाक्यांत जिरवायची. चार फुले विणून झाल्यावर हा हिशेब लक्षात आला आणि फूल तिथेच राहिले. तेव्हापासून नमुना पाहताना मी टाके मोजण्याआधी टोके मोजते.

शेवटी पेल्याखाली ठेवायच्या एकरंगी गोल चकत्या ठरल्या. धागा सुती घेतला. आपल्या हवेत लोकरीच्या वस्तू पावसाळ्यानंतर कपाटातून काढल्या की त्यांना कुबट वास येतो, आणि अ‍ॅक्रिलिकचा धागा गरम चहाच्या भांड्याखाली ठेवण्याजोगा नसतो. रुमालाच्या कडेला वापरतात तो बारीक दोरा फार सुंदर दिसतो, पण त्याच्या बारा फेऱ्यांत जेवढी चकती होते, तेवढी जाड धाग्याच्या आणि साडेतीन मिलिमीटरच्या सुईच्या चार फेऱ्यांत होते.

विणही सोपी आहे. चार साखळ्यांचे, म्हणजे एकातून एक काढलेल्या फासांचे, कडे करावे, त्यावर तीन साखळ्या घालून त्यांना एक खांब, म्हणजे उभा टाका, मोजावा आणि कड्यात आणखी अकरा खांब घालावेत; ते घालताना सुरुवातीचे टोक खांबांखाली धरले की ते आपोआप झाकले जाते आणि शेवटचे एकच टोक जिरवायचे उरते. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे चोवीस. तिसरीत एका खांबावर एक आणि पुढच्यावर दोन, म्हणजे छत्तीस. चौथीत दोन खांबांवर एकेक आणि तिसऱ्यावर दोन, म्हणजे अठ्ठेचाळीस. दर फेरीला बारा खांब वाढले तरच चकती सपाट राहते. कमी वाढवले तर ती वाटीसारखी वळते आणि जास्त वाढवले तर तिला झालर पडते.

क्रोशाचा आणखी एक गुण येथे उपयोगी पडला. सुईवर एका वेळी एकच घर, म्हणजे धाग्याचा फास, असते, त्यामुळे पणजीच्या बसमध्ये धक्का बसून सुई निसटली तरी फार तर दोन टाके उसवतात. दोन सुयांच्या विणकामात सगळी घरे सुईवर असतात, आणि बाणस्तारीच्या वळणावर ती गळाली की उरलेला प्रवास ती उचलण्यातच जातो. म्हणून दोन सुयांचे काम मी घरीच करते. नाताळात शेजारच्या मावशी स्वतः विणलेल्या पांढऱ्या जाळीच्या रुमालाखाली दोदोल, नेवऱ्या अशा गोडाधोडाचे ताट पाठवतात. ते ताट रिकामे परत करायचे नसते, म्हणून त्यांच्यासाठी एक सुती पुसणे विणले: चार टाक्यांपासून सुरुवात, सगळे टाके सुलट, दर ओळीला दुसऱ्या टाक्यानंतर धाग्याचा एक वेढा घेऊन चव्वेचाळीसपर्यंत वाढवायचे आणि मग तसेच कमी करत यायचे. दोन टोकांत काम संपले. मावशींनी मात्र त्याने भांडी पुसायला साफ नकार दिला आणि ते फुलदाणीखाली घातले.

चकत्यांकडे परत येते. एका रात्री मालिका पाहत विणताना चौथ्या फेरीत वाढ करायचे मी विसरले, तेही एकदा नव्हे, सलग नऊ चकत्यांत. छत्तीसवर छत्तीसच खांब पडल्यामुळे सगळ्यांना उभी कड आली. उसवण्याचा धीर नव्हता. सकाळी सासूबाईंनी त्यांतली एक उचलली, कोकम सरबताच्या पेल्याच्या बुडाला चढवली आणि म्हणाल्या, “अगो, पेल्यांना मोजे विणलेस की काय?” पेला उचलला तरी मोजा त्याला चिकटूनच होता. सपाट चकती ओल्या बुडाला चिकटून वर येते आणि मध्येच खाली पडते. हा मोजा पेल्याचा घाम टिपून घेत होता आणि जागचा हलत नव्हता.

ते नऊ मोजे घरात राहिले आणि वाणाला चाळीस सपाट चकत्या गेल्या. एका पाहुणीने “बाजारात दहा रुपयांना मिळते असले” हेही ऐकवले. पण हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांना सरबत त्याच मोज्यांतल्या पेल्यांतून दिले होते, आणि वर्षभरात त्यांतल्या सहा जणींनी मागणी केली ती मोज्यांचीच. यंदा चाळीसही मोजेच विणते आहे. प्रत्येकात बारा खांब कमी, म्हणजे एकंदर चारशे ऐंशी खांबांची बचत, आणि आज सव्विसावा सुईवर आहे.