विंडोज मशीन डोमेनमध्ये आलं! घोळ आयपीव्ही ६ चा होता

सांबाचा (विंडोजसारखं डोमेन चालवणारं मोफत सॉफ्टवेअर) डोमेन कंट्रोलर, म्हणजे नेटवर्कमधली मशीन आणि खाती सांभाळणारा सर्व्हर, उभा राहिला आणि लिनक्सचा लॅपटॉप पहिल्याच झटक्यात जोडला गेला, इथवर मागच्या वेळी लिहिलं होतं. विंडोजचं मशीन अर्ध्या तासात जोडू असं वाटलं होतं. त्यात पाच संध्याकाळी गेल्या.

दरवेळी एकच एरर: डोमेन कंट्रोलरशी संपर्क होत नाही. कंट्रोलरच्या आयपीवर पिंग जात होतं. ८८, ३८९, ४४५ तिन्ही पोर्ट उघडे. कर्बेरॉसला (लॉगिन तपासणारी पद्धत) घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक चालत नाही म्हणून घड्याळं जुळवली. मशीनचं नाव १५ अक्षरांच्या आत, विंडोज प्रो (होमवर डोमेन जोडताच येत नाही). डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) खान्यात फक्त कंट्रोलरचा पत्ता. दुसऱ्या खान्यात राउटर घालायची चूक टाळली होती. तरीही एसआरव्ही रेकॉर्ड (कंट्रोलर कुठे आहे ते सांगणारी डीएनएसमधली नोंद) काही सापडेना.

चौथ्या संध्याकाळी एनएसलुकअप या डीएनएस तपासायच्या कमांडची सगळ्यात वरची ओळ नीट वाचली. उत्तर देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता ‘एफई८०’ने सुरू होत होता, म्हणजे तो आयपीव्ही ६ चा (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) होता. हा माझा कंट्रोलर नव्हेच! वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर) लावला आणि सगळं समोर आलं. राउटर आयपीव्ही ६ च्या ॲडव्हर्टाइझमेंटमधून स्वतःलाच डीएनएस म्हणून जाहीर करत होता. विंडोज १० हे १७०३ आवृत्तीपासून ऐकतं. राउटरकडून ‘असं नाव नाही’ असं उत्तर आलं की विंडोजच्या लेखी विषय संपला, कंट्रोलरला ते विचारतच नाही. लॅपटॉपवर आयपीव्ही ६ बंद होतं, म्हणून तो सुटला.

इंटरनेटच्या जोडणीबरोबर मिळालेल्या राउटरवर हे बंद करायची सोयच नाही. असले राउटर लॅबमध्ये नकोतच. जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चढवलं, डीएनएसची जाहिरात बंद केली, पुन्हा जोडून पाहिलं. ‘डोमेनमध्ये स्वागत’ची चौकट दिसली तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. रीस्टार्टनंतर डोमेनच्या खात्यानं लॉगिन झालं, ग्रुप पॉलिसीतलं (कंट्रोलरवरून लागू होणारी सेटिंग्ज) वॉलपेपरही आलं. ते वॉलपेपर बघत मी बराच वेळ बसून होतो.

पुढे रोमिंग प्रोफाइल (कुठल्याही मशीनवर आपल्यासोबत येणाऱ्या फायली आणि सेटिंग्ज) घेणार होतो. पण हे लिहितानाच सुचलं की जाहिरात बंद कशाला ठेवायची? कंट्रोलरलाच ‘एफडी’ने सुरू होणारा (आयपीव्ही ६ चा खासगी) स्थिर पत्ता देऊन तोच डीएनएस म्हणून जाहीर करता येईल. मग लॅपटॉपवरही आयपीव्ही ६ चालू करता येईल. आधी तेच करतो. शिवाय व्हर्च्युअल मशीनचे जुने स्नॅपशॉट (मशीनची त्या त्या वेळची जतन केलेली स्थिती) आजच काढून टाकतोय. मशीनच्या खात्याचा पासवर्ड दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो, त्यामुळे फार जुन्या स्नॅपशॉटवर परत गेलं की ट्रस्ट (मशीन आणि डोमेनमधला विश्वास) तुटतो, आणि तो घोळ मला आत्ता नकोय.