तीन साच्यांचा मामूल

दिवाळीत दादा शारजाहून आला तेव्हा त्यानं मला मामूलचे तीन लाकडी साचे आणून दिले. मामूल म्हणजे सारण भरून भाजलेलं रव्याचं अरबी बिस्किट. धरायला दांडा, पुढे पळीसारखा खोलगा आणि खोलग्यात कोरलेली नक्षी. त्याच्या ऑफिसात पॅलेस्टाईनमधल्या नाबलूसचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्या बायकोनं निवडून दिलेले.

साचे तीन का? मला वाटलं, नक्षी वेगळी हवी म्हणून. तर तसं नाही! चपट्या गोल साच्यात खजूर, घुमटासारख्यात अक्रोड, लांबट साच्यात पिस्ता. न फोडताच आतलं सारण कळतं. आपली करंजी खाल्ल्याशिवाय ओल्या नारळाची की सुक्या खोबऱ्याची, सांगता येतं का?

सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईनकडे मुसलमान घरांत ईदला मामूल करतात, ख्रिस्ती घरांत ईस्टरला. आपल्या करंज्यांसारखंच, चार बायका जमून.

पहिला घाणा वाया गेला. रवा तुपात जेमतेम तासभर ठेवला होता. पारी साच्याला चिकटली, उरलेली भाकरीसारखी चिरली. दादानं तिकडं विचारून कळवलं, "रात्रभर ठेव." आता अर्धा किलो बारीक रव्याला पाव किलो पातळ तूप हातानं चोळते आणि झाकून ठेवते. सकाळी गुलाबपाणी, कोमट दुधात चिमूटभर यीस्ट. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. पारीत मी साखर घालत नाही. गोडी सारणाची. वरून पिठीसाखर भुरभुरायची ती अक्रोड-पिस्त्याच्यावर, खजुराच्यावर नाही. खजूर आमच्या सोलापूरच्या विजापूर वेशीतून आणला, बिया काढून थोड्या तुपावर मऊ केला. साचा ओट्यावर ठक्कन आपटला की मामूल हातात पडतो. तो क्षण मला फार आवडतो. ओव्हनमध्ये दोनशे डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं. वरून फिकाच राहू द्यायचा, बूड तेवढं बदामी.

महलब, म्हणजे एका जातीच्या चेरीच्या बियांतल्या गराची पूड, इथं मिळाली नाही. मी वेलदोडा घातला नाही. वेलदोड्यानं तो थेट आपल्या फराळाच्या डब्यात जाऊन बसला असता.

जाऊबाई म्हणाल्या, "शेंगाच्या पोळीचं सारण उरलंय, तेच भरा की." भरलं. चव सुरेख आली, पण साचा कुठला लावायचा? तिन्ही साच्यांना आपापलं सारण ठरलेलं. चपटा लावला असता तर खाणाऱ्याला खजूर वाटला असता. म्हणून ते हातानंच वळले आणि वर चिमट्यानं रेघा काढल्या. साचा नसला की तिकडेही असंच करतात.

रमजान ईदला शेजारच्या चाचींनी शीरखुर्मा दिला, त्याच डब्यात मामूल भरून परत केले. कुठल्या आकारात काय ते सांगितलं. त्यांनी एकेक उचलून नीट पाहिला, मग रेघांचा हातात घेऊन विचारलं, "और ये कायका है?"

"ये अपने सोलापूर का, चाची. शेंगा और गूळ."