अडकित्त्याच्या घराला देवी आल्या

मागच्या वेळी म्हटलं होतं, पुढचा अपडेट अडकित्त्याच्या कातडी घराच्या शिवणीचा. शिवण झाली आहे, सांगतोच. पण मधले अठरा दिवस भलत्याच गोष्टीत गेले.

आजोबांच्या अडकित्त्यासाठी चष्म्याच्या घरासारखं घर करतोय, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. मुठी पितळी, पातं लोखंडी. मागची बाजू सपाट, पुढची वेट-मोल्ड केलेली, म्हणजे ओली असताना अडकित्त्यावर दाबून आकार दिलेली. कातडं कोल्हापूरहून आणलेलं, म्हशीचं, बाभूळ-हिरड्यात कमावलेलं (म्हणजे वेज-टॅन, वनस्पतींच्या टॅनिननं कमावलेलं), अडीच मिलिमीटर. पुढचा तुकडा कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन तास मुरवला आणि वरचा रंग परत उजळायला लागल्यावर अडकित्त्यावर दाबला. ओलं वेज-टॅन आणि लोखंड यांचं वैर माहीत असल्यामुळे अडकित्त्याला आधी क्लिंग फिल्मचे तीन वेढे दिले होते. दाबायला लाकडी चमच्याची पाठ वापरली. बिजागरीचा उंचवटा, मुठींची वळणं, पात्याची पाठ, सगळं इतकं सुरेख उठलं की रात्री दोनदा उठून बघितलं.

मिरजेत ऑगस्टात कातडं वाळायला तीन दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी पाहतो तर तुकड्याला देवी आलेल्या. मोहरीएवढे, खसखशीएवढे निळसर काळे ठिपके, शंभर तरी असतील. आधी वाटलं बुरशी. पण बुरशी पुसली जाते, तिला वास असतो आणि ती फुगून वर येते. हे ठिपके आत उतरलेले होते, कातड्याचाच रंग झाल्यासारखे.

हे काळं काय, ते कळायला वेळ लागला नाही. विळीवर केळफूल चिरताना बोटं काळी होतात. आई लोखंडी कढईत आवळ्याची पूड घालून मेंदी भिजवते, तीही सकाळपर्यंत काळीकुट्ट होते. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड पाण्यात भेटले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घेऊन याच युक्तीनं शाई करायचे. प्रश्न एवढाच होता की लोखंड आलं कुठून?

पहिला आरोपी अर्थातच अडकित्ता. फिल्म कुठेतरी फाटली असणार. पण मग डाग पात्याच्या आकाराचा यायला हवा होता. इथे पितळी मुठींवरही तेवढेच ठिपके, आणि पितळेनं कातडं असं काळं पडत नाही. शिवाय ठिपके वरच्या अंगाला, अडकित्त्याला न टेकलेल्या बाजूला. दुसरा आरोपी पाणी. तिसरे, कडा दाबून धरणारे बाइंडर क्लिप.

कोल्हापूरला ज्यांच्याकडून कातडं घेतो त्या चप्पलवाल्या काकांना तुकडा नेऊन दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, अंगठ्यानं घासला आणि म्हणाले, "वल्या कातड्याला लोखंड लागलंय. तुमी रापी ठिवली आसंल ह्याच्यावर." मी म्हटलं, काका, रापी (कातडं कापायची सुरी) नाही ठेवली. "मग ठिवली न्हाई आसं तुमास्नी वाटतंय." एवढं बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. शेवटी त्यांचंच खरं ठरलं, पण त्याला आठवडा लागला.

परत येऊन त्याच कातड्याच्या आठ पट्ट्या कापल्या. एक नळाच्या पाण्यात भिजवली, एक बोअरच्या, एक फिल्टरच्या. चौथीला बाइंडर क्लिप लावला, पाचवीवर स्टीलची पट्टी ठेवली, सहावीवर उघडा अडकित्ता, सातवीवर फिल्ममध्ये गुंडाळलेला. आठवी कोरी, म्हणजे नुसतं फिल्टरचं पाणी आणि दुसरं काही नाही. सात पट्ट्या प्लास्टिकच्या ताटल्यांत ठेवल्या. आठवीला ताटली उरली नाही, म्हणून ती तशीच टेबलावर टाकली.

उघड्या अडकित्त्याखालची अर्ध्या तासात निळीकाळी. क्लिपच्या पट्टीवर दोन बारीक रेघा, जिथे जुन्या क्लिपचं निकेल उडालंय तिथेच. (ते क्लिप त्याच दिवशी कागदांना परत केले. आता लाकडी चिमटे.) बोअरच्या पाण्यानं पट्टी जराशी मळकट दिसायला लागली, पण ठिपके नाहीत. नळाचं पाणी निर्दोष. स्टेनलेसची पट्टी निर्दोष. गुंडाळलेला अडकित्ताही निर्दोष, त्याची मनोमन माफी मागितली. आणि सकाळी बघतो तर जिला काहीच केलं नव्हतं, ती आठवी पट्टी देवीनं भरलेली!

फ्रिजवरचा चुंबक कागदात गुंडाळला आणि टेबलावरून फिरवला. कागदाला दाढी आली. काळी, बारीक, मऊ.

मग आठवलं. जुन्या हॅक्सॉच्या पात्याची रापी घासून केली, त्याचं कौतुक मी इथेच केलं होतं. ती ग्राइंडरवर घासली याच टेबलाच्या टोकाला. नंतर टेबल कोरड्या फडक्यानं पुसलं होतं, म्हणजे खरं तर भुकटी सगळीकडे सारखी पसरवली होती. कोरड्या कातड्यावर ती दिसत नाही आणि काही करतही नाही. कातडं ओलं झालं की प्रत्येक कण आपापला ठिपका काढत बसतो. काका म्हणाले ते बरोबर होतं, रापी ठेवली होती, फक्त पूड करून.

आता घासकाम गॅलरीत. टेबल आधी चुंबकानं, मग ओल्या फडक्यानं. एप्रनही बदलला, कारण त्याच्या खिशातून जे निघालं ते पाहून मीच घाबरलो. चुंबकाला कागद गुंडाळायचा कंटाळा करू नका, नाहीतर भुकटी चुंबकावरून निघता निघत नाही.

डाग काढायचं काय? लिंबू खरंच चालतं. ताजा रस कापसानं टिपत टिपत लावला, तर पाच मिनिटांत ठिपके फिके झाले. पण लिंबानं आजूबाजूचं कातडंही उजळतं, त्यामुळे काळ्या ठिपक्यांच्या जागी पांढरट ठिपके दिसू लागले. ते टाळायचं तर रस पूर्ण तुकड्याला सारखा लावायचा आणि नंतर साध्या पाण्यानं दोन-तीनदा पुसून घ्यायचं. दुसरी अडचण म्हणजे कण अजून आतच रुतलेले. वाळताना निम्मे ठिपके परत आले. मऊ टूथब्रश आणि चुंबक घेऊन बसलो, तरी दहा-पंधरा हट्टी राहिलेच. ऑक्झॅलिक ॲसिड याहून जोरदार काम करतं, पण ते विषारी आहे आणि हा अडकित्ता सुपारीचा, तोंडात जाणारी वस्तू कापणारा. मी ती बाटली उघडलीच नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि बेत असा होता की नवा तुकडा कापायचा. कापलाही, स्वच्छ टेबलावर मोल्डही केला, एकही ठिपका नाही. पण जुना तुकडा फेकवेना, मोल्डिंग त्याचंच जास्त चांगलं झालं होतं. मग वाटलं, लोखंडाला एवढी हौस आहे काळं करायची, तर पुरतंच करू दे की! विनेगरून.

पांढऱ्या व्हिनेगरमध्ये लोखंड विरघळवायचं, एवढीच कृती. फक्त भांडी घासायची तारेची घासणी त्यात टाकू नका. ती बहुतेक वेळा स्टेनलेस असते, महिनाभर तशीच चमकत पडते. मी गेल्या वर्षी हा मूर्खपणा केलाय. हार्डवेअरच्या दुकानातलं बारीक स्टील वूल घ्या, त्यावरचं तेल आधी साबणानं धुऊन काढा. नाहीतर गंजके खिळे. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. दहा दिवसांनी कॉफी फिल्टरमधून गाळून घेतलं.

आधी कडक कोरा चहा दोनदा लावला, म्हणजे टॅनिन वाढतं. मग ब्रशनं विनेगरून. तुकडा बुडवला नाही, बुडवला असता तर मोल्डिंग सपाट झालं असतं. अडकित्ता गुंडाळून आतच ठेवला होता. आणि काय सांगू, ब्रश पुढे सरकतो तसा मागे रंग बदलत येतो, आधी करडा, मग जांभळट, मग काळा. वाळल्यावर राखाडी आणि मरगळलेला दिसतो, तिथे घाबरायचं नाही. अर्ध्या लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून एकदा पुसलं, मग साधं पाणी, आणि किंचित ओल असताना नीट्सफूट ऑइलचा (कातडं मऊ ठेवणाऱ्या तेलाचा) हलका हात. तेव्हा कुठे खरा काळा आला. हाताला लागत नाही, फडक्याला लागत नाही. बाटलीतल्या काळ्या डायनं माझे दोन शर्ट खाल्लेत, त्यामुळे माझं मत आता पक्कं आहे.

विनेगरूनच्या बाटलीचा आणखी एक उपयोग. 'शुद्ध वेज-टॅन' म्हणून विकलेल्या कातड्यावर एक थेंब टाका. डोळ्यांदेखत काळा झाला तर टॅनिन आहे. नुसता ओला तांबूस राहिला तर क्रोम, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. मात्र क्रोमवर नंतर वेज चढवलेलं कातडंही काळवंडतं, म्हणून कड कापून मध्यात निळसर-करडी रेघ आहे का तेही बघा. गेल्या दिवाळीत ऑनलाइन मागवलेल्या, भारी दराच्या तुकड्यात मला ती रेघ सापडली. विक्रेत्याचं उत्तर अजून यायचंय.

आता शिवण. पुढचा भाग काळा, मागचा नैसर्गिक, धागा 0.8 मिलिमीटरचा, मोतिया रंगाचा. शिवण रंगानंतरच, नाहीतर विनेगरून धाग्यालाही करडं करतं. 3.85 मिलिमीटर अंतराच्या दात्यांच्या आयर्ननं (भोकं पाडायच्या हत्यारानं) भोकं पाडली, 74 टाके. आणि या वेळी मागच्या बाजूलाही टाके तिरके पडले, सगळे! माझं चुकायचं ते दुसऱ्या सुईपाशी. ती भोकात घालताना पहिला धागा मागे ओढून धरायचा, आणि सुई बाहेर पडायच्या आधी तिच्यावरून धाग्याचा एक फेरा टाकायचा. प्रत्येक टाक्याला, न चुकता, त्याच दिशेनं. मी आठवेल तेव्हा टाकायचो, म्हणून मागची रांग दात पडल्यासारखी दिसायची. 41 व्या टाक्याला आत्याचा फोन आला, तो घेतला नाही.

कडा घोटायला सीएमसी, म्हणजे पाण्यात फुगून डिंकासारखी होणारी पावडर. टोकोनोल हा कडा घोटायचा तयार लेप छानच आहे, पण चमचाभर सीएमसी पावडर रात्रभर पाण्यात फुगवली की महिनाभर पुरते आणि काळ्या कडेवर मला तरी फरक दिसत नाही. नैसर्गिक बाजूला मात्र टोकोनोलच, तिथे दिसतो.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात आली आणि झाकणाचा बेत बदलला. वेज-टॅन कातडं दमट हवेत ओल धरतं, त्यात आता लोखंडाचे क्षारही भरलेत. पातं कायम आत राहिलं तर पावसाळ्यात गंजणार. म्हणून बटणाचं बंद झाकण रद्द, वरून उघडं आणि नुसती एक वादी. आतून मधमाशीचं मेण गरम करून चोळणार, पात्याला खोबरेल. अडकित्ता पुढे आत्याकडेच राहणार, तिलाही सांगायला हवं की जून ते सप्टेंबर अडकित्ता बाहेर ठेव. ती ऐकणार नाही, म्हणून मेण दोन थर.

आणि उरलेला स्वच्छ तुकडा? कलमकारीवाले काळ्या रंगासाठी गंजलं लोखंड व्हिनेगरऐवजी गुळाच्या पाण्यात आंबवतात. काल एका बरणीत खिळे आणि गूळ घालून ठेवलाय. त्या तुकड्यावर ब्रशनं सुपारीचं पान काढून बघणार आहे, बाकी जमीन नैसर्गिक. बरणी गॅलरीत आहे, सध्या फेस आलाय आणि मुंग्यांनी शोध लावलाय.